कसर, वाळवी आणि हिरेमठबाई

मी संग्रहालयात नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी जांभई दाबतात आणि मग विचारतात, "पण तिथं दिवसभर करायचं काय?" त्यांचा समज असा, की वस्तू एकदा काचेत ठेवली की ती तिथंच राहते आणि सांभाळणारे लोक शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतात. प्रत्यक्षात ठेवलेली प्रत्येक वस्तू रोज थोडी थोडी जात असते. धूळ, ऊन, उंदीर, कसर, वाळवी, माणसांचे हात, सगळे तिच्यावर टपलेले असतात. त्यांना अडवत राहायचं, एवढंच आमचं काम. आणि जिथं दिवसभर अशी अडवाअडवी चालते तिथं किस्से साठणारच. एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, आणि मग चहा गार होतो.

गोष्ट सोलापुरातली, सत्तर सालानंतरची. मी भवानी पेठेत राहायचो. इतिहास घेऊन बी.ए. झालो होतो, आणि त्या विषयाचं पुढं काय करायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. अशात एका ट्रस्टच्या छोट्या संग्रहालयात सहायक म्हणून चिकटलो. दगडी इमारत, वर पत्रा, खाली चार दालनं. माणसंही चारच. क्युरेटर हिरेमठबाई, दारावर इस्माईलभाई, झाडलोटीला नरसूबाई आणि मी.

हिरेमठबाई अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, बाहेर मराठी. बडोद्याला जाऊन हे शास्त्र शिकून आलेल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला शबनम, आणि त्या शबनममध्ये एक भिंग आणि एक मऊ ब्रश कायम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओल्या फडक्यानं कपाट पुसताना पकडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काळे, धूळ उचलायची असते. तुम्ही तिचा चिखल करताय."

* * *

नरसूबाई पद्मशाली घरातली, तेलुगू बोलणारी. नवरा मागावर, ती आमच्याकडे. कामाला चोख आणि देवभोळी. त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाई पुण्याला गेल्या होत्या आणि मी घरी अष्टमीचा होम होता म्हणून लवकर निघालो होतो.

नवमीला सकाळी येऊन बघतो तर धातूच्या दालनात देवीची एक मूर्ती झळझळतेय. वीतभर उंचीची, कित्येक वर्षांची काळपट पडलेली पितळी मूर्ती. नरसूबाईनं तिला चिंच आणि राख लावून मनापासून घासली होती. वर हळदीकुंकू वाहून झेंडूचं फूलही ठेवलं होतं.

बाई दुपारी आल्या. दारातच त्यांना ते दिसलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या स्टूल ओढून मूर्तीसमोर बसल्या आणि नरसूबाईला बोलावून घेतलं. चिंच किती घेतली, राख कसली, किती वेळ घासलं, सगळं बारकाईनं विचारलं. नरसूबाई म्हणाली की सणादिवशी देवीला तशी काळी कशी ठेवायची, तिला बघवेना.

मग बाईंनी तिला समजावलं. तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे, ती धातूची कातडी. ती असली की आतला धातू टिकतो. चिंच तिला खाते.

नरसूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हंजे मी देवीचं कातडं काढलं?"

"थोडंसं," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही.

नरसूबाई रडायलाच लागली. तेव्हा बाईंनी तिच्या हातात भिंग दिलं आणि मूर्तीचं नाक बघायला सांगितलं. नाक जवळजवळ सपाट झालेलं, गाल गुळगुळीत, ओठांची रेघ पुसलेली. हे काही तुझं काम नाही, बाई म्हणाल्या. ही देवी कुणाच्या तरी देव्हाऱ्यात होती. त्या घरातल्या बायकांनी दर सणाला तिला अशीच घासली, म्हणून नाक गेलं.

नरसूबाई रडायची थांबली. भिंगातून बराच वेळ बघत राहिली आणि तिनं विचारलं, एक नाक झिजायला किती सासवा-सुना लागत असतील?  मग दोघीच तिथं बसून अंदाज करत राहिल्या.

दिवाळीत ट्रस्टचे एक विश्वस्त सहकुटुंब आले. सगळ्या मौल्यवान मूर्तींवरून नजर फिरवत ते बरोबर त्या झळझळीत मूर्तीशी थांबले आणि कौतुकानं म्हणाले, "ही नवीन कधी घेतली?"

मी काही बोलायच्या आत नरसूबाई म्हणाली, "जुनीच हाय साहेब. पुन्यांदा काळी व्हायला जरा टाईम लागंल."

* * *

सांगोल्याकडचे एक धनगर म्हातारे, सिदूआबा, एकदा खांद्यावर घोंगडं टाकून आले. त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीचं विणून घेतलेलं. किनारीला पांढरा पट्टा, काळा रंग नैसर्गिक. मुलं आता मिलची ब्लँकेटं घेतात, तेव्हा हे तुमच्याकडं राहू दे, असं त्यांचं म्हणणं. बाईंना घोंगडं फार आवडलं. त्यांनी ते घेतलं आणि सिदूआबांच्या देखतच एका पिशवीत बांधून मागच्या खोलीत, इतर वस्तूंपासून लांब ठेवून दिलं.

आबा खवळले. माझ्या बाच्या घोंगड्याला अडगळीत टाकलं म्हणाले. बाईंनी सांगितलं की बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आम्ही आधी वेगळी ठेवतो, राजाचा शेला असला तरीही. तिच्यात कीड नाही हे बघायचं आणि मगच आत घ्यायचं.

"आमच्या घोंगड्यात कीड न्हाय," आबा म्हणाले आणि निघून गेले.

महिन्याभरानं बाजाराला आले तेव्हा पुन्हा दारात हजर. घोंगडं काचेत लागलं का, हेच बघायला. आमची पंचाईत झाली, कारण पिशवी उघडली तेव्हा घोंगड्यात कसर निघाली होती. लोकर खाणारी बारीक पांढुरकी अळी. आता हे या मानी माणसाला सांगायचं कसं, याचा मी विचार करत होतो. बाईंनी सांगितलंच नाही. त्यांनी आबांना टेबलापाशी नेलं, काचेच्या बशीत काढून ठेवलेली एक अळी दाखवली आणि डोळ्यासमोर भिंग धरलं.

आबा वाकले. अळी आपल्याभोवती लोकरीची नळी विणून तिच्यात बसली होती. नळीतून डोकं काढायची, एक तंतू कुरतडायची, पुन्हा आत. आबांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि भिंग स्वतःच्या हातात घेतलं. किती वेळ गेला कोण जाणे. इस्माईलभाई चहा ठेवून गेले, तो तसाच राहिला.

"आमच्याच लोकरीचं घर बांधलंय की ह्यानं," आबा शेवटी म्हणाले. "लई सुबक."

बाई म्हणाल्या की आता घोंगडं औषधात ठेवावं लागेल, मग स्वच्छ होईल. आबांनी मान हलवली, पण त्यांची नजर बशीवरच होती. मग ते उठले, पागोटं चढवलं आणि निवाडा दिला.

"असं करा बाई. ह्याला ठिवा काचंत. घोंगडं मी नेतो."

* * *

संग्रहालयात खायचं नाही, हा बाईंचा सगळ्यात कडक नियम. सांडलेल्या कणामागे मुंगी येते, मुंगीमागे पाल, असं त्यांचं गणित. डबा मागच्या व्हरांड्यातच खायचा. दालनात कुणी काही खाताना सापडला तर त्यानं एक दिवस इस्माईलभाईंच्या जागी दारावर उभं राहायचं, अशी शिक्षाही त्यांनीच ठरवून दिली होती.

संक्रांतीच्या सुमाराला दालनात मुंग्यांची रांग दिसली. बाईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. तिघांनीही शपथा घेतल्या. मग बाई स्वतः रांगेचा माग काढायला निघाल्या. साडी खोचून, भिंग घेऊन, ओणव्यानं. रांग खिडकीतून आत आली होती. शस्त्रांच्या कपाटाखालून गेली, ताम्रपटाला वळसा घातला, भिंतीच्या कडेनं दुसऱ्या दालनात शिरली. आम्ही तिघं मागोमाग. मधेच बाई थांबायच्या आणि मुंग्या येताना मोकळ्या आहेत की काही घेऊन चालल्यात ते बघायच्या. परतणाऱ्यांच्या तोंडात काहीतरी पिवळसर होतं.

रांग बाईंच्या खोलीत गेली. टेबलाच्या पायावरून वर चढली आणि दुसऱ्या खणात शिरली.

बाईंनी खण उघडला. बहिणीनं पाठवलेल्या शेंगाच्या पोळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. आम्हालाच द्यायच्या म्हणून आणल्या होत्या आणि मागच्या व्हरांड्यात न्यायचं राहून गेलं होतं.

 दुसऱ्या दिवशी मी आलो तर दारावर हिरेमठबाई उभ्या आणि इस्माईलभाई त्यांच्याशेजारी हात चोळत कळवळून सांगताहेत, "बाई, ये अच्छा नै दिखता जी." बाईंनी विचारलं, नियम कुणाचा? ते म्हणाले, तुमचा. मग झालं तर, म्हणून बाई पुन्हा दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खुर्चीसुद्धा घेतली नाही.

दुपारी कॉलेजातले एक प्राध्यापक आले. त्यांनी बाईंनाच विचारलं, क्युरेटर भेटतील का?

"आज नाही भेटायच्या," बाई म्हणाल्या. "त्यांना शिक्षा झालीय."

* * *

उंदरांचा त्रास व्हायला लागला तेव्हा मी विषाच्या गोळ्या आणाव्यात म्हणालो. बाईंनी साफ नकार दिला. उंदीर विष खाऊन कुठल्यातरी फटीत मरतो, मग त्याच्यावर किडे होतात आणि तेच किडे पुढं कपड्यांना आणि कातड्याला लागतात. बाई भिंतीतली भोकं बुजवून घ्या म्हणाल्या. गवंडी येईपर्यंत थांबायला इस्माईलभाईंना धीर नव्हता. त्यांनी घरून मांजर आणलं.

मांजरानं उंदरांकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यानं एकेक दालन हिंडून पाहिलं आणि एका जुन्या सरदार घराण्यातला मेणा पसंत केला. आत लाल मखमलीची गादी होती. मांजर तिथं झोपायला लागलं. नरसूबाई हाकलायची, ते पुन्हा येऊन झोपायचं.

एकदा वेळापूरकडून शाळेची सहल आली होती. मास्तर मोठे हुशार होते. पाटी न वाचताच सगळं समजावून सांगत होते. मेण्यापाशी आले. आत मांजर अंगाचं मुटकुळं करून निपचित पडलेलं. एका मुलीनं विचारलं, हे मांजर का ठेवलंय? मास्तर एक क्षणही अडखळले नाहीत. पूर्वी राण्यांना मांजरांचा फार लळा असायचा, मांजर मेलं की त्यात भुसा भरून ते जपून ठेवत, असं त्यांनी सांगितलं. मुलांनी वह्यांत लिहून घेतलं.

तेवढ्यात मांजर उठलं. पाठीची कमान केली, तोंड उघडून जांभई दिली आणि मास्तरांकडे बघत राहिलं.

मास्तर म्हणाले, "आता पुढच्या दालनात चला."

* * *

बाई यायच्या आधी कपड्यांच्या दालनाच्या खिडक्या सताड उघड्या असायच्या. तिथं खिडकीसमोरच एक इरकल साडी टांगलेली होती, पदर बाहेर दिसेल अशी. बाईंनी आल्याआल्या ती खाली उतरवून कपाटात ठेवली, पण ऊन लागायचं ते लागून गेलं होतं.

एक दिवस अक्कलकोटच्या बाजूची एक म्हातारी नातवाबरोबर आली. साडी तिनंच दिली होती, तिच्या आईची. बाईंनी कपाटातून साडी काढून टेबलावर ठेवली. म्हातारीनं जवळून बघितली, मान हलवली आणि म्हणाली, "इदु नम्मदल्ल." ही आमची नव्हे. आमचा पदर लालभडक होता, हा तर फिका गुलाबी.

बाई कानडीतूनच तिच्याशी बोलायला लागल्या. मला सगळं कळत नव्हतं, पण बाईंचा आवाज खाली गेलेला कळत होता. म्हातारी ऐकेना. तिला वाटत होतं, साडी बदलली. नातू मध्ये पडून म्हणाला की जाऊ द्या बाई, म्हातारपणी असं वाटतंच. त्यावर ती आणखीनच चिडली.

मग बाईंनी पदराची आतली घडी हळूच उलगडली. जिथं कधीच ऊन पोचलं नव्हतं तिथं हातभर पदर तसाच होता. लाल, रसरशीत, जणू कालच मागावरून उतरवलेला.

म्हातारी पुढं वाकली. तिनं हात पुढं केला आणि त्या लाल तुकड्यावर तळवा ठेवला. संग्रहातल्या वस्तूला कुणी बोट लावलं तरी हिरेमठबाई लांबूनच ओरडायच्या. त्या दिवशी त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि म्हातारीचा हात उचलला जाईपर्यंत बाहेर बघत उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात त्या दालनाला दुहेरी काळे पडदे लागले. आत शिरणारा माणूस हमखास ठेचकाळायचा आणि विचारायचा, लाईट गेली काय? बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं.

"लाईट गेली तर परत येते हो. रंग येत नाही."

* * *

बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतो. हवा इतकी कोरडी झाली होती की ओठ फुटायचे. तेच लाकडालाही होतं. आमच्याकडे एका देवळाच्या रथाचा लाकडी घोडा होता, जवळजवळ खऱ्या घोड्याएवढा. त्याच्या मानेपाशी एक बारीक भेग दिसायला लागली. लाकडाला हवेतला ओलावा मिळाला नाही तर ही भेग वाढत जाणार, असं बाईंचं म्हणणं. त्यांनी घोड्याच्या पायाशी घमेली ठेवायला लावली. घमेल्यांत पाणी आणि त्यांच्यावर ओली पोती. मागच्या आडाला थोडं पाणी उरलं होतं, ते नरसूबाई रोज शेंदून आणायची. पुढं आडाचा तळ दिसायला लागला, पण भेग मात्र तिथंच थांबली. बाई खूश होत्या.

गावात नळाला पाणी नव्हतं. एका दुपारी शेजारच्या वस्तीतली एक बाई, कडेवर मूल, हातात रिकामी घागर, सावलीला म्हणून आमच्या दारात आली. इस्माईलभाईंनी तिला आत बसू दिलं. नरसूबाई बादली घेऊन जाताना तिनं पाहिलं आणि विचारलं, हे पाणी कुणाला?

इस्माईलभाई सरळ माणूस. "घोडे के वास्ते," म्हणाले.

तिनं घोडा बघायला मागितला. ते तिला घेऊन गेले. मी आणि बाई तिथंच होतो. ती घोड्यासमोर उभी राहिली. घोड्याकडे बघितलं, घमेल्यांकडे बघितलं. रागावली नाही, काही मागितलं नाही. फक्त म्हणाली, "जिता न्हाय."

आणि मुलाला दुसऱ्या कडेवर घेऊन निघाली.

बाईंनी तिला थांबवलं. बादली तिच्या घागरीत ओतायला लावली. मग स्वतः मागं गेल्या आणि बोळाकडचं फाटक उघडून दिलं. संध्याकाळपर्यंत आडावर बायकांची रांग लागली. दोन-तीन दिवसांत आड आटला.

त्यानंतर एका दुपारी आम्ही व्हरांड्यात जेवत होतो आणि आतून आवाज आला. ठाक. बंदुकीसारखा. धावत गेलो. घोड्याची भेग मानेपासून पोटापर्यंत गेली होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं.  आम्ही घोड्यावर चादर टाकली, दारं-खिडक्या बंद केल्या. यापलीकडं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढं पाऊसपाणी झालं. पुण्याहून एक कारागीर आला होता, तो म्हणाला मी भेगेत लांबी भरून रंग देतो, कुणाला कळणारही नाही. बाईंनी त्याला दुसरी कामं दिली, घोडा दिला नाही. नंतरही कुणी विचारायचं, एवढी मोठी भेग कशानं पडली?

"बहात्तरची आहे," बाई म्हणायच्या. सोलापूरचा माणूस पुढं काही विचारायचा नाही.

* * *

आता हा एकच सांगतो.

माढ्याचे निवृत्ती शिंदे म्हणून एक गृहस्थ होते. साठी उलटलेले, धोतर-सदरा, बोलणं कमी. ते बैलगाडीतून एक पेटी घेऊन आले. सागवानी, पितळेच्या फुलांची, कडीला जाडजूड कुलूप. पेटी बघूनच बाईंचे डोळे चमकले. पण निवृत्तीतात्यांची एक अट होती. पेटी कुणी उघडायची नाही.

बाईंनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की ते पाळण्यात असतानाच त्यांचे वडील घरातून निघून गेले, ते परत आले नाहीत. कुठं गेले, का गेले, आईनं कधी सांगितलं नाही. फोटो नाही, काही नाही. लहानपणी ते आईला विचारायचे, माझा बा कसा होता? तेव्हा ती या पेटीवर हात ठेवून म्हणायची, "तुजा बा ह्यात हाय." त्याचं सगळं आत ठेवलंय, आणि आपल्यामागंही पेटी उघडू नकोस, अशी तिनं शपथ घातली होती. मरताना किल्ली त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी करदोट्याला बांधली होती. उभा जन्म बांधलेलीच होती. आता पुतणे पेटी फोडायला टपले होते, म्हणून ती इथं आणली.

आतलं बघितल्याशिवाय वस्तू ठेवून घ्यायची नाही हा बाईंचाच नियम. मला वाटलं, त्या नाही म्हणणार. त्या थोडा वेळ पेटीकडे बघत राहिल्या आणि हो म्हणाल्या.

काही वर्षं पेटी लाकडी वस्तूंच्या दालनात राहिली. बाई अधूनमधून तिच्यापाशी बसायच्या, पेटीला कान लावायच्या, बोटानं टकटक करायच्या. विश्वस्त म्हणायचे, उघडा हो, कोण बघतंय? बाई त्यांना चहा द्यायच्या.

एका उन्हाळ्यात नरसूबाईला पेटीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला. तिनं तो पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. लाकूड पोखरणारा भुंगेरा लागला होता, आणि तो बाहेरून नव्हे तर आतून पोखरत होता. शेजारीच तो रथाचा घोडा, मेणा, देवळाचे खांब. उशीर केला तर सगळंच गेलं असतं. बाईंनी मला माढ्याला पाठवून तात्यांना बोलावून घेतलं.

तात्या आता बरेच थकले होते. बाईंनी त्यांना तो भुसा दाखवला आणि सगळं नीट सांगितलं. पेटी उघडून आतून झाडावी लागेल, भोकाभोकात औषध सोडावं लागेल. नाही उघडली तर पेटी जाईल आणि आत जे काही असेल तेही जाईल. हवं तर पेटी परत घेऊन जा, पण मग पुतणे आहेतच.

तात्यांनी भुशात बोट फिरवलं. मग सदरा वर करून करदोट्याची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना, म्हणून इस्माईलभाईंनी ती सोडून दिली. किल्ली बाईंच्या हातात देऊन ते म्हणाले, "तुमी एकट्यांनीच उघडा. मी भाईर बसतो. मला सांगू नका आत काय हाय ते."

ते पायरीवर जाऊन बसले. बाईंनी आम्हा सगळ्यांना दालनाबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

आतून कुलूप निघाल्याचा आवाज आला, झाकण करकरलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. नंतर ब्रशचा आवाज यायला लागला, संथ, एका लयीत. तात्या पायरीवर पाठमोरे बसून होते. नरसूबाईनं त्यांना पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

पुन्हा कुलूप लागल्याचा आवाज आला आणि बाई बाहेर आल्या. कपाळावर, केसांत भुसा. तात्या उठून उभे राहिले. काही विचारायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं, पण बाईंना बघितल्यावर त्यांना राहवलं नाही.

"हाय न्हवं?" ते म्हणाले.

"आहे," बाई म्हणाल्या.

"समदं?"

"सगळं आहे. नीट झाडून, पुसून ठेवलंय."

तात्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. बाईंनी किल्ली परत दिली, ती त्यांनी पुन्हा करदोट्याला बांधली. चहा नको म्हणाले. त्यांना माढ्याची एस.टी. गाठायची होती. इस्माईलभाई त्यांना फाटकापर्यंत सोडून आले.

मग पेटी जागेवर ठेवायला इस्माईलभाईंनी एक बाजू धरली, मी दुसरी. उचलताना माझा हात निसटला, पेटी चांगलीच कलली. आतून काही सरकल्याचा, काही हलल्याचा एवढासाही आवाज आला नाही. इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं.

बाई केसांतला भुसा झाडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"सांभाळून, काळे," त्या म्हणाल्या. "आतलं हलायला नको."